पारा चार अंशांवर, तरी गवतावर बर्फ : हिमप्रदेशातला खेळ कसा रचावा

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्याकडे डाब हे गाव आहे. कडाक्याची थंडी पडली की तिथून बातमी येते : दवबिंदू गोठले. पहाटे उघड्यावरच्या पेंढ्यावर, जीपच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. नखाने खरवडला तर तो कुरकुरतो, तळहातावर घेतला तर त्याचं पाणी होतं. त्याच वेळी तिथे टांगलेला थर्मामीटर मात्र चार अंश सेल्सिअस दाखवत असू शकतो. पाणी गोठतं शून्य अंशाला. मग हा बर्फ आला कुठून?

या कोड्याचं उत्तर हवामानशास्त्रात आहे. ते एका अगदी वेगळ्या कामालाही येतं : टेबलाभोवती बसून खेळायच्या साहसाच्या खेळात बर्फाळ रान उभं करण्याच्या. असा प्रसंग रचायला बसलेला माणूस बहुधा आधी पांढरं अस्वल आणि बर्फाचा राक्षस शोधतो. थंडी मात्र "तुमचे दोन गुण गेले" एवढ्या एका वाक्यात उरकते. खरं तर थंडी स्वतःच सगळ्यात तगडा प्रतिस्पर्धी ठरू शकते. त्यासाठी एकच अट आहे. खेळाडूला ती वाचता आली पाहिजे. आणि वाचता यायची तर ती कशी चालते हे खेळ रचणाऱ्याला आधी ठाऊक हवं.

## हा खेळ असतो कसा?

या प्रकारातला पहिला छापील खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो : कुणी धनुर्धर, कुणी वैद्यीण, कुणी मांत्रिक. एक जण सूत्रधार होतो. खेळणारी मंडळी त्याला 'डीएम' म्हणतात. सूत्रधार समोरचा देखावा सांगतो आणि विचारतो, "आता काय करता?" पात्राने काही अवघड करायचं ठरवलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आलेला आकडा आणि पात्राची ताकद मिळून ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचली तर काम जमलं.

फासे आपल्याला सारीपाटापासून माहीत आहेत. पण सारीपाटावर घरं आखलेली असतात. इथे वाट खेळाडू स्वतः काढतात, आणि सूत्रधाराने रचलेल्या अशा एकेका प्रसंगाला 'एन्काउंटर' म्हणतात. तो लढाईचाच असावा असा काही नियम नाही. नदी ओलांडणं, वाट शोधणं, एक रात्र काढणं हेही प्रसंगच.

## डाबच्या गवतावर बर्फ येतो कसा?

दिवसा जमीन तापते. रात्री ही ऊब अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे निघून जाते. आभाळ भरलेलं असेल तर ढग त्यातली बरीचशी ऊब खाली परत पाठवतात. म्हणून ढगाळ रात्र कमी गार असते. जानेवारीत सातपुड्यावर आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. गेलेली ऊब फारशी परत येत नाही. त्यातही गवताचं पातं, पेंढ्याची काडी आणि जीपचा पत्रा सगळ्यात आधी निवतात, कारण मातीच्या पोटात साठलेली ऊब त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

निवलेल्या जमिनीला टेकलेली हवा गार होते आणि गार हवा जड असते. वारा वाहत असता तर वरची उबदार हवा तिच्यात मिसळली असती. वारा पडला की ही जड हवा उतारावरून हळूहळू खाली सरकते आणि खोलगटात साठते. एरवी डोंगर चढावा तशी थंडी वाढते. अशा रात्री मात्र उलटं होतं : दरीचा तळ सगळ्यात गार, मधला उतार त्यापेक्षा उबदार. हवामानशास्त्रात याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात.

आता थर्मामीटरकडे वळू. वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. गवताचं पातं असतं जमिनीलगत, उघड्या आकाशाखाली. निरभ्र, निवांत रात्री या दोन जागांमध्ये चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. पेटीतला पारा चारवर असतो आणि पातं शून्याखाली गेलेलं असतं.

याचा पडताळा पाहायला उपकरण लागत नाही. अशा पहाटे उघड्या शेतातलं गवत पांढरं दिसतं आणि शेजारच्या आंब्याखालचं नुसतं ओलं. झाडाने आकाश झाकलं, म्हणून खालची ऊब टिकली.

हीच यंत्रणा हिमप्रदेशात मोठ्या मापात चालते. सैबेरियातल्या ओयम्याकोन या गावी १९३३ मध्ये उणे ६७.७ अंशांची नोंद झाली. ते गाव डोंगरांनी वेढलेल्या खोलगटात आहे. तिथेही निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि लांबलचक रात्र हेच तिघं थंडी साठवतात. डाब आणि ओयम्याकोन यांच्यात फरक आहे तो प्रमाणाचा. म्हणूनच सातपुड्यातली एक पहाट नीट पाहिलेला माणूस ध्रुवाकडचं रान विश्वासाने उभं करू शकतो.

## अंगातली ऊब जाते कुठे?

शरीर ही उबेची कणगी आहे असं धरू. वरून भर पडते ती खाण्यातून आणि हालचालीतून. खाली चार भोकं आहेत आणि त्यांतून ऊब सतत गळत असते.

पहिलं भोक आकाशाचं. गवताची ऊब जशी किरणांवाटे वर जाते, तशीच उघड्यावर झोपलेल्या माणसाचीही जाते. झाड, छप्पर किंवा गुहा हे भोक बुजवतात.

दुसरं जमिनीचं. थंड वस्तूला टेकलं की ऊब थेट तिच्यात उतरते. गोठलेल्या जमिनीवर पडलेल्या माणसाला वरून दोन घोंगड्या घातल्या तरी खालून गारठा लागतोच. अंगाखाली फांद्यांचा किंवा पेंढ्याचा जाड थर लागतो.

तिसरं वाऱ्याचं. अंगालगत आपल्या उबेने तापलेल्या हवेचा पातळ पडदा असतो. वारा तो उडवून नेतो. हवा उणे १० अंश असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या कातडीला जवळजवळ उणे २० अंशांसारखा मार बसतो.

चौथं ओलाव्याचं, आणि हे सगळ्यात फसवं. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ऊब ओढून नेतं. हे पाणी नदीतूनच यायला हवं असं नाही. जाड कपडे घालून चढ चढताना आलेला घाम आतून कपडे भिजवतो. चालताना माणूस गरम असतो आणि थांबला की त्याच घामाने काकडतो.

भर पडते त्यापेक्षा गळती वाढली की शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं. ते ३५ अंशांखाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी हुडहुडी भरते, बोटं जड होतात, गाठ बांधता येत नाही. मग बोलणं अडखळतं, निर्णय चुकू लागतात. आणखी खाली गेलं की हुडहुडी थांबते. पाहणाऱ्याला वाटतं, बरा झाला. पण हीच सगळ्यात धोक्याची खूण. शेवटी काहींना एकदम उकडल्यासारखं होतं आणि ते बर्फात अंगावरचे कपडे काढू लागतात. हिमप्रदेशात गोठून मेलेली माणसं अशा अवस्थेत सापडली आहेत.

## नुसता फासा का पुरत नाही?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या नियमांत कडाक्याच्या थंडीची सोय आहे. तापमान शून्य फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे १८ सेल्सिअस किंवा त्याखाली असेल, तर दर तासाला पात्राने फासा टाकायचा आणि एकूण किमान १० आणायचे. हुकलं की थकव्याची एक पायरी चढायची. सहाव्या पायरीवर मृत्यू.

हिशोब करून पाहू. पात्राच्या काटकपणाची भर दोन असेल तर फाशावर आठ किंवा जास्त पडायला हवेत. म्हणजे वीसपैकी तेरा वेळा यश, शंभरात ६५. एका तासासाठी हे बरं वाटतं. पण आठ तासांची रात्र एकदाही न हुकता निघण्याची शक्यता शंभरात जेमतेम तीन. खेळाडू आठ वेळा फासा टाकतो आणि साधारण तीनदा हुकतो. या आठ तासांत त्याने ठरवलं काय? काहीच नाही. त्याच्यावर नुसतं गुदरत गेलं.

दुसरा पेच याच्या उलट टोकाचा. त्याच नियमांनुसार थंडीचे कपडे घातलेलं पात्र आपोआप वाचतं. मग खेळाडू पहिल्याच बाजारात लोकरीचे झगे घेतात आणि थंडी कथेतून बाद होते.

या दोन टोकांच्या मधे खेळ आहे. कपडे आहेत का, हा प्रश्न लवकर संपतो. कपडे कोरडे आहेत का, हा प्रश्न प्रत्येक ओढ्याशी, प्रत्येक चढाला नव्याने उभा राहतो. घाई करून घाम काढायचा की सावकाश जाऊन उजेड गमवायचा, असं विचारलं की खेळाडू पुढे सरसावून बसतात.

## निवड, किंमत, खूण

चांगल्या आव्हानाला तीन गोष्टी लागतात. किमान दोन खऱ्या वाटा हव्यात. प्रत्येक वाटेची किंमत हवी. आणि ती किंमत मोजण्याआधी ओळखता येईल अशी खूण हवी. खूण नसेल तर तो नुसता घात. किंमत नसेल तर ती सहल.

ध्रुवावरच्या खऱ्या मोहिमा याचा उत्तम धडा देतात. दक्षिण ध्रुवावर रोआल्ड अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी पोचला आणि रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी. दोघांनीही आदल्या उन्हाळ्यात परतीच्या वाटेवर अन्न-इंधनाचे साठे पुरून ठेवले होते. स्कॉटचा सगळ्यात मोठा साठा ८० अक्षांशावर ठेवायचा होता. घोडे थकले म्हणून तो पन्नासेक किलोमीटर अलीकडेच पुरला गेला. वर्षभराने, मार्च १९१२ मध्ये, स्कॉट आणि त्याचे शेवटचे दोन सोबती त्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर तंबूतच मरण पावले. ठरल्या जागी साठा असता तर तो त्यांच्या वाटेत आधीच लागला असता.

अमुंडसेनने दुसराच प्रश्न स्वतःला विचारला होता : धुक्यात साठा सापडला नाही तर? म्हणून त्याने साठ्याच्या दोन्ही बाजूंना, वाटेला आडवी, झेंड्यांची लांब रांग लावली. वाट थोडी चुकली तरी कुठला ना कुठला झेंडा दिसणार.

सूत्रधारासाठी यात तयार प्रसंग आहे. जाताना खेळाडूंना विचारा : किती अन्न मागे पुरता, कुठे आणि त्याची खूण काय ठेवता? त्यांनी जे सांगितलं ते कागदावर लिहून घ्या. पुढच्या बैठकीत, परतीच्या वाटेवर, बर्फाचं वादळ सुरू असताना तोच कागद समोर ठेवा. वादळ कितीही भयंकर असो, आता त्यांचं नशीब त्यांच्याच जुन्या निर्णयावर ठरतं.

## चिंचोक्यांचा हिशोब

थंडी वाचता यावी म्हणून ती टेबलावर दिसली पाहिजे. त्यासाठी एक साधी पद्धत सुचवतो. प्रत्येक खेळाडूसमोर सहा चिंचोके ठेवा. ही त्याची ऊब. रात्रीचे चार प्रहर धरा. कणगीचं जे भोक उघडं राहील ते दर प्रहराला एक चिंचोका नेतं. गरम खाणं किंवा चांगली शेकोटी एक चिंचोका परत देते.

आता आकडे बघा. चारही भोकं उघडी असतील तर दुसरा प्रहर निम्मा होईतो सहा चिंचोके संपतात. दोन उघडी असतील तर तिसऱ्या प्रहराअखेर. एकच उघडं असेल तर उजाडताना दोन शिल्लक राहतात : माणूस जिवंत, पण दुसऱ्या दिवशी लंगडत चालणारा. त्यामुळे भोकं बुजवणं हाच खेळ होतो, आणि प्रत्येकाला काहीतरी मोजावं लागतं. फांद्या तोडायला वेळ जातो. आडोसा शोधायला वाट सोडावी लागते. शेकोटी पेटवली तर ती लांबून दिसते.

चार चिंचोके उरले की हुडहुडी : धनुष्याचा नेम चुकू लागतो, गाठी सुटत नाहीत. दोन उरले की सूत्रधाराने त्या खेळाडूला गुपचूप चिठ्ठी द्यावी, 'तुझी हुडहुडी थांबली, आता बरं वाटतंय'. एक उरला की दुसरी चिठ्ठी, 'तुला उकडतंय'. खेळाडू आपलं पात्र त्याप्रमाणे वठवतो आणि ते बाकीच्यांच्या ध्यानात येतं का, यावर त्याचा जीव अवलंबून राहतो. सोबत्याकडे लक्ष ठेवणं हा खऱ्या हिमप्रदेशातला पहिला नियम आहे. तो इथे भाषणाशिवाय कळतो.

## एक रात्र, एक दरी

एक प्रसंग पुरता रचून पाहू. खिंडीपलीकडच्या पाड्यावर उद्या दुपारपर्यंत औषध पोचवायचं आहे. मंडळी संध्याकाळी एका खोलगट दरीशी येतात. तीन जागा आहेत. तळाशी तळं, सपाट गवत, सोयीचं पाणी. मधल्या उतारावर दाट झाडी, पण जमीन तिरकी आणि पाणी लांब. वर कड्याजवळ उघडा माथा. तिथून सकाळची वाट सगळ्यात जवळची, पण वारा मोकाट.

माथ्यावर वारा, आकाश आणि जमीन अशी तीन भोकं उघडी. तळाशी वारा नाही, पण आकाश आणि जमीन उघडी, आणि गार हवा साठणार ती तिथेच. म्हणून तळाशी मध्यरात्रीनंतर एक चिंचोका जादा जातो. उतारावर झाडांनी आकाश झाकलेलं; तिरकी जागा खणून सपाट करायला मात्र अर्धा प्रहर जातो आणि पाण्यासाठी कुणाला तरी अंधारात खाली उतरावं लागतं.

खूण कोणती? ती सातपुड्यात थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पाहायला मिळते. चुली पेटल्या की धूर सरळ वर जात नाही. थोडा चढतो आणि छपरांच्या वर आडवा पसरून राहतो. वर उबदार हवेचा थर असल्यामुळे गार धूर त्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. टेबलावर हे असं उतरू शकतं :

"तळ्याकाठी गवत मऊ आहे," सूत्रधार सांगतो. "वारा पडलाय. आकाशात एक ढग नाही. पलीकडच्या काठाला कुणा गुराख्याने चूल पेटवलीय. तिचा धूर झाडाच्या निम्म्या उंचीपर्यंत जातो आणि तिथेच आडवा पसरतो."

"वारा नाही ना? मग इथंच पथारी टाकू," धनुर्धर म्हणतो.

"थांब जरा," वैद्यीण म्हणते. "धूर वर का जात नाहीये? आणि चूल तिथे आहे, पण गुराखी झोपलाय कुठे?"

"तो उतारावर दिसतो. झाडाखाली. त्याची गुरंही वरच आहेत."

"म्हणजे पाणी इथून भरायचं आणि झोपायला वर जायचं."

इथे फासा पडलाच नाही. तरी निर्णय झाला, आणि तो खेळाडूंनी घेतला. कुणाला काहीच उमगलं नाही आणि मंडळी तळ्याकाठी झोपली, तरी त्यांना लगेच मारू नका. मध्यरात्री पाहऱ्यावरच्या पात्राला सांगा की पखालीतलं पाणी काठाशी गोठायला लागलंय आणि घोंगडीवर पांढरी भुकटी दिसतेय. आता झोपलेल्यांना उठवून अंधारात वर चढायचं की इथेच शेकोटी मोठी करायची? चूक झाल्यावरही वाट उरते, ती महाग पडते एवढंच.

## पातळ बर्फ

गोठलेलं तळं ओलांडणं हा दुसरा हुकमी प्रसंग. खऱ्या जगात स्वच्छ, टणक बर्फाची जाडी दहा सेंटिमीटर असेल तर एक माणूस चालत जाऊ शकतो, असा ढोबळ नियम आहे. खेळाच्या २०१४ च्या नियमांत दहा फूट चौरसातला पातळ बर्फ किती भार पेलेल हे फाशांवर ठरतं आणि सरासरी निघते १६५ पौंड, म्हणजे ७५ किलो. चिलखत घातलेला योद्धा त्यात बसत नाही. पण चिलखत उतरवून दोरीने ओढता येतं, पोटावर सरपटत जाऊन भार पसरता येतो, लांब वळसा घेता येतो. या तिन्ही वाटांना किंमत आहे.

बर्फ फुटलाच तर पुढे काय, याचा एक सोपा क्रम थंड पाण्यातल्या बचावाचे तज्ज्ञ शिकवतात : एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. पहिल्या मिनिटात धाप लागते. तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास आवरायचा. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. बाहेर पडायचं ते तेवढ्यात. शुद्ध जायला साधारण तास लागतो. बहुतेकांना वाटतं, गार पाण्यात माणूस लगेच गोठतो. खरा घात होतो तो घाबरून पाणी गिळल्याने आणि नंतर बोटं निकामी झाल्याने. खेळात या क्रमाच्या तीन फेऱ्या करा : पहिलीत श्वास, दुसरीत काठ पकडणं, तिसरीत सोबत्यांचा दोर. बाहेर आलेल्या पात्राचं ओलाव्याचं भोक सताड उघडं आहे, हे त्याचे चिंचोके पुढच्या प्रहराला सांगतीलच.

## प्राणी, माणसं आणि अश्वत्थामा

हिमप्रदेशात प्राणी जरूर असावेत, पण त्यांनाही भूक आणि थंडी असते. उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवरल्या नी-अलेसुंड या वस्तीत भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून आहे; गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ते चालवतं. त्या वस्तीत घरांच्या दारांना कुलूप लावत नाहीत, कारण पांढरं अस्वल दिसलं तर कुणालाही जवळच्या दारातून आत शिरता आलं पाहिजे. अस्वलाशी झुंजण्यापेक्षा अस्वल कधी येईल याची तजवीज करून राहणं हा तिथला रोजचा व्यवहार आहे. खेळातही अस्वलाला अन्न हवं असतं, तुमचा जीव नव्हे. पुरलेला साठा त्याला सोडून द्यायचा की राखायचा, हा प्रसंग तलवारबाजीपेक्षा जास्त रंगतो.

आणि काही भेटी लढाईसाठी नसतातच. सातपुड्यात अस्तंबा शिखर आहे. दिवाळीच्या दिवसांत तळोद्याहून हजारो भाविक रात्री चालत त्या शिखराची यात्रा करतात. कपाळावरची भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा या डोंगरांत फिरतो, जखमेसाठी तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. ही श्रद्धा आजही जिवंत आहे. म्हणून तिला मारायच्या राक्षसाचं रूप देऊ नये. तिच्यातून सूत्रधाराने मागणीचं बळ घ्यावं. बर्फात एक जखमी अनोळखी माणूस तेल मागतो. तेच तेल तुमच्या दिव्याचं आणि शेकोटीचं आहे. द्यायचं का? किती द्यायचं? हिमप्रदेशातला हा कदाचित सगळ्यात अवघड प्रसंग, आणि त्यात एकही घाव पडत नाही.

## लांबलेली रात्र

ध्रुवाकडची रात्र हे स्वतंत्र आव्हान आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथात वैदिक लोकांचं मूळ स्थान ध्रुवाजवळ असल्याचा सिद्धांत मांडला. आज इतिहासाचे अभ्यासक तो स्वीकारत नाहीत. पण ध्रुवावरची पहाट कित्येक दिवस लांबते, हा ज्या निरीक्षणावर त्यांनी भर दिला तो तपशील खरा आहे. 'हिमाद्री'वर डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी तुकडी गेली, तेव्हा तिथे सूर्य उगवतच नव्हता.

अशा रात्रीत "सकाळ झाली" असं म्हणून थकवा पुसता येत नाही. मग कालगणना कशी करायची? चंद्रावर. ध्रुवीय हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपास चंद्र कित्येक दिवस मावळतच नाही, आणि अमावास्येच्या आसपास उगवतच नाही. तिथ्यांचं कॅलेंडर भिंतीवर असलेल्या घरात हा हिशोब चटकन बसतो. मोहीम शुद्ध दशमीला निघाली तर उजेड साथ देईल. पंधरा दिवस उशीर केला तर दिव्याचं तेल मोजून वापरावं लागेल. निघायचा दिवस ठरवणं हीच खेळातली पहिली चाल होते.

---

चौकट : हिमप्रदेशातला प्रसंग रचताना

• आधी जागा ठरवा : खोलगट, उतार की माथा. थंडी तिन्ही जागी वेगळी वागते.
• चार भोकं तपासा : आकाश, जमीन, वारा, ओलावा. कोणती उघडी आहेत?
• किमान दोन वाटा ठेवा आणि प्रत्येकीची किंमत वेळ, अन्न, ऊब किंवा उजेडात मांडा.
• संकटाआधी खूण दाखवा : आडवा पसरलेला धूर, झाडाखालचं ओलं गवत, गुराख्याची झोपायची जागा.
• ऊब टेबलावर दिसू द्या : सहा चिंचोके पुरेत.
• मंत्राने उबदार तंबू उभा करणाऱ्या पात्राची शक्ती हिरावू नका. तंबू सोडून बाहेर जावं असं कारण द्या : हरवलेला सोबती, सुटलेलं जनावर.
• चूक झाल्यावरही एक महागडी वाट उरू द्या.

---

## सुरुवात कुठून करावी?

पहिल्याच बैठकीत उणे पन्नास अंशांच्या दऱ्या आणि बर्फाची नगरं हवीत असं नाही. या खेळाच्या प्रकाशकांनी २०२० मध्ये 'आइसविंड डेल : राइम ऑफ द फ्रॉस्टमेडन' हे न संपणाऱ्या हिवाळ्याचं मोठं साहस काढलं. ते हाताशी असलं तरी आधी आपल्या ओळखीच्या थंडीवर एक रात्र रचून पाहावी. नंदुरबारच्या मुलांसाठी तोरणमाळचं पठार किंवा डाबचं शिवार आहे. तिथली माणसं कुठे गुरं बांधतात, कुठे निजतात, पिकांवर कधी पेंढा पसरतात, हे विचारलं तर प्रसंगांची पोतडी मिळेल. हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या जगून मिळवलेलं आहे. कुठल्याही नियमपुस्तकापेक्षा ते बारीक आहे.

रचलेला प्रसंग चांगला झाला की नाही, हे तपासायला एक प्रश्न पुरेसा आहे. खेळ संपल्यावर हरलेल्या खेळाडूला विचारा, "तुझं पात्र का गेलं?" तो म्हणाला, "फासा वाईट पडला," तर प्रसंग पुन्हा रचायला घ्या. तो म्हणाला, "चढावर घाई केली, कपडे घामाने भिजले, आणि धूर आडवा पसरलेला पाहूनही मी तळाशीच झोपलो," तर तुमचा हिमप्रदेश खरा उतरला आहे. पुढच्या वेळी तोच खेळाडू आधी धुराकडे बघेल आणि मग पथारी टाकेल.